बाबांचे फ्लॅश, ऑफिसचा कॅमेरा

आठ महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागू लागलं, आणि बोलणं तर असं गेलं की साऱ्या आयुष्याच्या शब्दांतून एकच शब्द मागे राहिला, मंगळवार. चहा हवा असला की मंगळवार, खिडकी लावा म्हणायचं असलं की मंगळवार, राग आला तरी मंगळवारच. हाच शब्द का, ते कुणालाच कळेना. झटका आला तो दिवस तर शुक्रवार होता. डॉक्टर म्हणाले, "असं होतं. त्यांना समजतं सगळं. फक्त म्हणायचं असतं एक आणि तोंडातून निघतं दुसरंच." आईने महिन्याभरात त्या एका शब्दाचे पंधरा सूर ओळखायला शिकून घेतलं. "हा चहाचा मंगळवार," ती स्वयंपाकघरातून सांगायची, "आणि हा डास चावल्याचा."

त्यांच्या लेकीला ते सूर ओळखता येत नसत. घरात तिला चिमणी म्हणत. वय अडतीस, केस पांढरे व्हायला लागलेले, तरी घरात चिमणीच. ती नोकरीला होती एका वनस्पती संग्रहात. तिथे कपाटांच्या रांगांमध्ये वाळवलेली झाडं जाड कागदांवर चिकटवून ठेवलेली असत, काही तर शंभर वर्षांपूर्वीची. चिमणीचं काम त्या कागदांचे फोटो काढायचं. पानाची शीर न् शीर दिसली पाहिजे, देठावरची लव दिसली पाहिजे. त्यासाठी कॅमेरा स्टँडवर उभा, कागद खाली टेबलावर सपाट, आणि दोन बाजूंनी दोन फ्लॅश तिरके, म्हणजे सावली कुठेच साचत नाही.

झटक्यानंतर आठ महिन्यांनी, एका शुक्रवारी, ऑफिसचे दोन्ही फ्लॅश एकाच दुपारी बसले. एक आधीपासून रडतखडत चालत होता, दुसऱ्याने त्याच्या दुःखात मान टाकली. आणि टेबलावर होते दुसऱ्या एका संस्थेकडून उसने आणलेले एकशे चाळीस कागद. सोमवारी सकाळी गाडी येऊन ते परत जाणार होते. संग्रहाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या परगावी होत्या. फोनवर म्हणाल्या, "खिडकीशी ठेवून काढ."

"बाई, त्या खोलीच्या खिडक्या बंदच असतात. आणि ट्यूबच्या उजेडात पानं शेवाळल्यासारखी दिसतात."

"मग कसंही कर. पण फोटोंशिवाय ते कागद जाता कामा नयेत."

कसंही कर म्हणजे काय, हे मोठ्या माणसांना कधी सांगावं लागत नाही. चिमणीला आठवली ती घरातली पत्र्याची पेटी. बाबांनी एकतीस वर्षं फोटोचा स्टुडिओ चालवला होता. तो बंद केला तेव्हा सामान विकलं, पण तीन फ्लॅश मात्र कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. दोन लहान, जुळ्या भावांसारखे, आणि एक दांड्याचा मोठा.

शनिवारी दुपारी ती ऑफिसचा कॅमेरा घरी घेऊन आली. कॅमेरा इमारतीबाहेर न्यायचा नाही, असा नियम होता. नवा कोरा, तिच्या वर्षभराच्या पगाराहून महाग. वाटेत तिने पिशवी पोटाशी धरली होती, जणू आत दूधपितं मूल आहे. विचार साधा होता. घरी फ्लॅश चालतात का बघायचं, रविवारी ते ऑफिसात न्यायचे आणि एका दिवसात काम संपवायचं.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. पेटी उघडल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

चिमणीला ती नजर नको होती. ती नऊ वर्षांची असताना स्टुडिओत एकदा तिने असाच एक फ्लॅश उचलला होता, तर बाबांनी तिच्या हातावर असा फटका मारला होता की तिची बोटं दोन दिवस सुजली. बाबांनी तिला मारलं ते तेवढंच. पण तिने मनाशी गाठ बांधली की हे सामान दादासाठी, थोरल्या भावासाठी आहे, आपल्यासाठी नाही. दादा पुढे जहाजावर नोकरीला गेला आणि स्टुडिओत कुणीच बसलं नाही, पण गाठ राहिली ती राहिलीच.

"बाबा, वापरणार आहे मी हे," ती पेटीकडे बघतच म्हणाली. "ऑफिसचं काम आहे."

बाबांची नजर पेटीवरच होती.

तिने एका जुळ्या फ्लॅशमध्ये नवे सेल घातले आणि बटण सरकवलं. आधी काहीच नाही. मग आतून एक बारीक शीळ सुरू झाली. डासासारखी, मग डासाहून बारीक, वर वर चढत जाणारी. वीस वर्षं झोपलेली वस्तू जागी होत होती. दीड-दोन मिनिटांनी मागचा लाल दिवा पेटला.

"मंगळवार," बाबा म्हणाले.

"चहा देते हं थोड्या वेळानं."

"मंगळवार!"

तिने कॅमेरा बाहेर काढला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच असते. ती अगदी तशीच होती, जशी बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यांना असायची. पन्नास वर्षांत सगळं बदललं पण ही खाच नाही बदलली, हे बघून तिला बरंच वाटलं. फ्लॅशचा पाय तिने खाचेच्या तोंडाशी टेकवला आणि सरकवायला लागली.

"मंगळवार! मंगळवार! मंगळवार!"

"बाबा, तुमच्या वस्तू खात नाही मी!" तिचा आवाज चढला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती त्यांच्यावर ओरडली होती.

तेवढ्यात खुर्ची करकरली. आधाराशिवाय उभं न राहणारा तो माणूस उभा राहिला. डावा हात पुढे करून त्याने तिच्या दिशेने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताच आलं नाही, आणि बाबा टेबलाच्या कडेला तोंड आपटून खाली कोसळले.

चिमणी धावली. कॅमेरा कुठे ठेवला, फ्लॅश कुठे पडला, तिला नंतर आठवेना. आई ओल्या हातांनी धावत आली. दोघींनी मिळून त्यांना उताणं केलं. ओठ फुटून रक्त आलं होतं. दुसऱ्या झटक्यातून माणूस सावरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चिमणीच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य घुमत होतं.

"बाबा, हसून दाखवा. हसा ना!" डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं ती सांगत होती. "डावा हात वर करा. माझ्याकडे बघा."

बाबांनी हात वर केला, पण तो हात तिच्या मनगटावर येऊन असा आवळला की तिला सोडवेना. ओठांची डावी बाजू हलली, उजवी होती तशीच लोंबती राहिली. नवीन काही झालं नव्हतं. आईने भिंतीला टेकून डोळे मिटले.

मग चिमणीने बाबांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. आठ महिन्यांत तिने तिथे राग पाहिला होता, लाज पाहिली होती, कंटाळा तर रोजचाच. आता जे होतं ते यातलं काहीच नव्हतं. बाबा घाबरले होते. आणि स्वतःसाठी नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते, मग टेबलाखाली पडलेल्या फ्लॅशकडे, मग परत तिच्या हाताकडे. फ्लॅशचा लाल दिवा अजून पेटलेलाच होता.

"त्याला हात लावू नको म्हणतात ते," आई हळूच म्हणाली. "हा सूर नवीन आहे, पण एवढं कळतंय मला."

त्यांना खुर्चीत बसवून चिमणीने कागद-पेन्सिल दिली. लिहिणं बोलण्यासारखंच गेलं होतं. पेन्सिल धरली की अक्षरांचा गुंता व्हायचा. पण या वेळी बाबांनी अक्षर काढलंच नाही. डाव्या हाताने थरथरत एक चौकोन काढला, त्यात गोल. कॅमेरा. त्याच्यावर आणखी एक चौकोन. फ्लॅश. आणि मग फ्लॅशपासून खाली कॅमेऱ्याच्या पोटापर्यंत एक वाकडीतिकडी, टोकदार रेघ, आकाशातून वीज पडते तशी.

चिमणीने रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"फ्लॅशमधला करंट कॅमेऱ्यात उतरेल?"

बाबांनी इतक्या जोरात मान हलवली की फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं.

तिने आधी धावत जाऊन कॅमेरा शोधला. तो पलंगावर उशीवर पडला होता, म्हणजे घाबरतानासुद्धा तिने त्याला जागा बघूनच ठेवलं होतं. फ्लॅशचा पाय खाचेत किती आत गेला होता? खाचेच्या मधोमध धातूचा ठिपका असतो, त्याला टेकला होता का? आठवेना. तिने बटण दाबलं. पडदा उजळला. तिने आईच्या चपलेचा एक फोटो काढला, मग दुसरा. दोन्ही आले. मग कॅमेऱ्याची पुस्तिका काढून शेवटच्या पानांवरचा बारीक मजकूर वाचला. खाचेतल्या ठिपक्याला सोसेल असा विजेचा दाब त्यात दिला होता, चोवीस व्होल्ट. त्याच्या वर नाही.

"पण या फ्लॅशचा किती, हे कसं कळणार?"

आईने रस्त्याच्या दिशेला मान वळवली. "खरखरभाऊंना बोलाव."

खरखरभाऊ म्हणजे कोपऱ्यावरचे रेडिओ दुरुस्तीवाले. दुकानात सतत कुठला ना कुठला रेडिओ खरखरत असायचा म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव, आणि त्यांनी ते पाटीवर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. चिमणी त्यांना काका म्हणायची. ते मीटर घेऊन हसतच आले.

"काय दादा, लेकीला धंदा शिकवताय का?" त्यांनी बाबांना विचारलं. "शिकवा, शिकवा. या वयात चिमणीला पंख फुटतायत."

मीटरच्या दोन तारा. एक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या ठिपक्याला, दुसरी कडेच्या पट्टीला. काका दोन्ही हातांत दोन तारा घेणार, तोच बाबांनी टेबलावर मूठ आपटली. सगळे थांबले. बाबांनी चिमणीचा डावा हात धरला आणि तिच्या पाठीमागे नेऊन ठेवला. मग तिचा उजवा हात पुढे ओढला.

"एकाच हातानं करा म्हणतात," चिमणी म्हणाली.

काकांनी तारा खाली ठेवल्या. "बरोबर आहे दादांचं. दोन्ही हात गुंतले आणि काही झालं तर करंट छातीतून जातो. हे मला माझ्या गुरूनं सांगितलं होतं. विसरलो होतो." त्यांनी एक तार चिमट्याने पट्टीला अडकवली, डावा हात कमरेमागे नेला, आणि उजव्या हाताने दुसरी तार ठिपक्याला टेकवली.

मीटरवर आकडे पळाले आणि थांबले. दोनशे अठरा.

दुसरा जुळा, दोनशे सव्वीस. दांड्याच्या मोठ्याने तर दोनशे एकोणसत्तर दाखवले.

चोवीस आणि दोनशे अठरा. चिमणी खुर्चीत बसली. बाबा पडले नसते तर कॅमेरा गेला असता. नोकरीही गेली असती कदाचित. आणि ती मात्र समजली असती, म्हाताऱ्याला आपल्या सामानाला हात लावलेला खपत नाही.

"त्या काळचे कॅमेरे म्हणजे नुसते लोखंडी खटके," काका म्हणाले. "त्यांना पाचशे व्होल्ट आले काय नि गेले काय. आताच्यांचं आत सगळं नाजूक. तरी घाबरू नको. मागचं झाकण उघडतो, आत एक पार्ट टाकतो, दाब खाली आणतो. दहा मिनिटं."

त्यांनी मोठा फ्लॅश जवळ ओढला, त्यातले सेल काढून टेबलावर ठेवले. "हे बघ, जीवच काढून घेतला. आता हा मेलेला साप."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. बाबा म्हणाले, "मंगळवार." मघासारखं ओरडून नाही. अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ घशातच. आई दारात उभी होती. चिमणीने तिच्याकडे पाहिलं, तर आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"भाऊजी, थांबा जरा," आई म्हणाली.

"वहिनी, सेल बाहेर आहेत. दादा उगाच घाबरतात. आजारी माणसाचं असं होतं." झाकण निघालं. आत तारांच्या गुंत्यात एक काळसर नळकांडं होतं, अंगठ्याहून जाड. काकांनी पेचकस आत घातला.

एका बाजूला पस्तीस वर्षं दुकान चालवणारा माणूस, दुसऱ्या बाजूला एकच शब्द येणारा. चिमणीला विचार करायला वेळच नव्हता. तिला फक्त बाबांचा डावा हात दिसला. तो खुर्चीच्या दांड्यावर पांढरा पडला होता.

"काका, हात काढा!" ती किंचाळली. "बाहेर काढा आधी!"

दचकून काकांनी मान वर केली, आणि पेचकस घसरला.

ठाप!

खोलीत एक निळी-पांढरी ठिणगी उडाली, आणि जळक्या धातूचा वास पसरला. पेचकस काकांच्या हातातून उडून भिंतीशी जाऊन पडला. कुठेतरी शेजारी नळ वाहत होता, तेवढाच आवाज.

आईने सगळ्यात आधी तोंड उघडलं. "हात! हात दाखवा भाऊजी!"

हाताला काही झालं नव्हतं. पेचकसाची मूठ प्लॅस्टिकची होती. चिमणीने तो उचलून पाहिला, पोलादी टोकाचा उंदराने कुरतडावा तसा तुकडा गेला होता. तो तिने काकांच्या हातात दिला. ते टोकाकडे बघत राहिले, मग हळूहळू जमिनीवरच बसले.

"सेल काढले तरी त्या नळकांड्यात वीज साठून राहते..." ते पुटपुटले. मग पेचकस खाली ठेवत म्हणाले, "पस्तीस वर्षं रोज रेडिओ उघडतो मी. बोट असतं तर, वहिनी... पोरं काय म्हणाली असती, बाप फोटोच्या दिव्यानं गेला?"

आईने त्यांना साखर घातलेलं पाणी दिलं. चिमणीला मात्र तो फ्लॅश उघडा पडलेला बघवत नव्हता, आणि त्यावरून डोळेही हटत नव्हते. तिला आठवत होता स्टुडिओचा ओटा, नऊ वर्षांचा हात, आणि ओट्यावर पडलेला फ्लॅश. तो असाच उघडा होता का? ती बाबांपाशी गेली.

"तेव्हा म्हणून मारलं होतं का मला? झाकण काढलेलं होतं का तेव्हा?"

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंगळवार," ते म्हणाले.

चिमणीने आईकडे वळून पाहिलं. आईने मान हलवली. "हा मला नाही कळला गं."

दांड्याच्या फ्लॅशला काकांनी एका हाताने, सावकाश, जीव मुठीत धरून झाकण बसवलं. चिमणीने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वर लिहिलं 'उघडू नये, वापरू नये' आणि तो कपाटावर सगळ्यात उंच ठेवला. मग ती जुळ्या फ्लॅशकडे वळली. दोनशे अठरा व्होल्टांच्या वस्तू आणि चोवीस व्होल्टांचा कॅमेरा. यांची गाठ न घालता दोघांकडून काम कसं करून घ्यायचं?

बाबा डावं बोट स्वतःच्या डोळ्यापाशी नेत होते.

चिमणी त्यांच्यापुढे वाकली. "डोळ्याला काय झालं? दिसत नाही का? बाबा, माझी बोटं किती?"

बाबांनी वैतागून तिचा हात झटकला. डोळा दाखवला, उघडझाप केली, आणि मग पेटीकडे बोट केलं. पुन्हा डोळा, पुन्हा पेटी. आईच म्हणाली, "अगं, पेटीत बघ. पेटीत डोळा आहे काहीतरी."

पेटीच्या तळाशी पानसुपारीच्या डबीएवढा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात कापसात दोन वस्तू होत्या. काड्यापेटीच्या निम्म्या आकाराच्या, एका बाजूला गोल काचेचा मणी, वर फ्लॅशचा पाय बसेल अशी खाच.

"अरे वा!" काका जमिनीवरून उठले. "हा तर प्रकाशाचा कान म्हणायचा. नाही, डोळाच. याला दुसरीकडे कुठे फ्लॅश उडालेला दिसला की हा आपल्यावरचा फ्लॅश उडवतो. तार नको, काही नको." त्यांनी एका हाताने, दुसरा कमरेमागे ठेवूनच, तो डोळा उलटसुलट करून पाहिला. "आणि हा याच फ्लॅशांच्या काळातला आहे. त्यांचा दाब सोसायलाच केलेला. आजकालचा स्वस्तातला घेतला असता तर तोही जळाला असता."

आता चिमणीच्या ध्यानात आलं. ऑफिसच्या कॅमेऱ्याच्या डोक्यातून एक इवलासा फ्लॅश वर येत असे. कामाला तो निरुपयोगी होता, समोरून उजेड टाकून पानांवर चकाकी आणायचा. पण डोळ्याला दिसण्यापुरता तो पुरे. कॅमेरा एकीकडे, जुने फ्लॅश दोन हात लांब, आणि मधे फक्त हवा.

तिने टेबलावर आईची भाजीची जुडी ठेवली, दोन बाजूंना दोन पाटांवर दोन फ्लॅश. शीळ सुरू झाली तशी आई दारामागे गेली. काका तिच्याही मागे गेले. लाल दिवे पेटले. चिमणीने खांदे आवळून, एक डोळा मिटून बटण दाबलं.

खोली लख्ख उजळली. काही फुटलं नाही. तिने पडद्यावर बघितलं, फोटो काळा होता. जुडीचा नुसता आकार दिसत होता.

पुन्हा दाबलं. पुन्हा लख्ख उजेड, पुन्हा काळा फोटो. तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच की कॅमेरा गेला. कसा गेला माहीत नाही, पण गेला. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"एक," मागून आवाज आला. "दोन."

तिला आधी वाटलं काका बोलले. पण काका दारामागे होते. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

बाबा बोटं वर करून बसले होते. एक बोट, मग दोन. ओठ थरथरत होते, पण शब्द सरळ होता. "एक. दोन."

मग चिमणीच्या डोक्यात उजेड पडला. बाबा कॅमेऱ्याच्या इवल्या फ्लॅशकडे बोट करत होते. तो एकदा नाही, दोनदा उडत होता. इतक्या झटपट की तिला एकच वाटलं, पण एकतीस वर्षं फ्लॅशच बघितलेल्या डोळ्यांना दोन दिसले. नवे कॅमेरे आधी एक झलक टाकून उजेडाचा अंदाज घेतात आणि मग खरा फोटो काढतात. पेटीतल्या त्या जुन्या काचेच्या डोळ्यांना ते काय ठाऊक? पहिल्या झलकेलाच ते जुळ्यांना उडवत होते, आणि खऱ्या फोटोच्या वेळी जुळे रिकामे.

तिने कॅमेऱ्यातल्या सेटिंगमध्ये शिरून छोट्या फ्लॅशचं आपोआप ठरवणं बंद केलं आणि त्याची ताकद अगदी कमी, हाताने ठरवून ठेवली. दाबलं.

भाजीच्या पानावरची शीर न् शीर उमटली.

"एक," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली.

आई त्यांच्या पायाशी बसून रडली. "तीन म्हणा. अहो, तीन म्हणून बघा ना." पण त्या दिवशी तीन काही आलं नाही.

रविवारी चिमणी एकटीच ऑफिसात गेली. सोबत कॅमेरा, जुळे फ्लॅश, दोन डोळे आणि काकांनी स्वतःहून दिलेलं मीटर. रखवालदाराने दार उघडून दिलं. आत शिरताच तिला नवीच भीती भेटली, जिचा घरी विचारच आला नव्हता. त्या खोल्यांमध्ये हजारो वाळकी झाडं होती, वाळक्या कागदांवर. काल उडालेली ती निळी ठिणगी इथे उडाली तर?

तिने टेबलाभोवतीचा एकूण एक कागद हलवला. फक्त ज्याचा फोटो काढायचा तेवढाच एक बाहेर, बाकी सगळे बंद कपाटात. फ्लॅश लोखंडी स्टँडवर, कागदापासून लांब. आग विझवायचं लाल नळकांडं तिने पायाशी ठेवलं आणि त्याची कडी कशी ओढायची, ते चारदा वाचलं. दर वीस फोटोंनंतर ती फ्लॅश बंद करून ते गार होऊ देई आणि काचेजवळ हाताची मागची बाजू नेऊन धग बघे. शीळ चढायला लागली की तिच्या मानेवरचे केस उभे राहत. प्रत्येक वेळी. ऐंशीव्या कागदालासुद्धा.

त्र्याऐंशीव्या कागदाला तिला जळका वास आला. ती जागच्या जागी थिजली. मग दोन्ही बटणं बंद केली, दार उघडलं आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. आत पळत जावं की दूर पळावं, तिला ठरवता येईना. रखवालदाराने विचारलं, "काय झालं ताई?"

"जरा वास येतोय का बघा हो."

त्याने आत डोकावून हुंगलं. "धूळ जळाल्याचा आहे. आमच्या हीटरचा पहिल्या दिवशी येतो तसा."

फ्लॅशच्या काचेवर वीस वर्षांची धूळ एका कोपऱ्यात राहून गेली होती. तिने गार झाल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा पाच मिनिटं बसली, आणि चौऱ्याऐंशीवा कागद घेतला. शेवटचा फोटो झाला तेव्हा साडेपाच वाजले होते. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

सोमवारी मोठ्या बाई गाडीच्या आधी येऊन पोचल्या. फोटो बघून म्हणाल्या, "हे छान आलेत. कुठले फ्लॅश?"

चिमणीने सगळं सांगितलं. कॅमेरा घरी नेल्याचं, दोनशे अठरा व्होल्टांचं, पेचकसाचं, धुळीच्या वासाचं. सांगायला नको होतं असं तिला मधेच वाटलं, पण आता अर्ध्यावर थांबणार कसं? ऐकता ऐकता बाईंचा चेहरा कडक होत गेला.

"तू कॅमेरा घरी नेलास."

"हो बाई."

"आणि ती जुनी वस्तू त्याला लावायला निघाली होतीस, न मोजता."

"हो."

"पुन्हा असं झालं तर मी तुला इथे ठेवणार नाही. हे लिहून देईन तुला, म्हणजे लक्षात राहील." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत? पडले ना ते?"

"शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी ओठाला दोन टाके घातले. बरे आहेत."

"ते फ्लॅश घरी घेऊन जा. इथे ठेवू नकोस. नवे येईपर्यंत काम बंद."

चिमणीला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. उसने कागद पेट्यांत भरून गाडीत चढवले, पेट्यांच्या दोऱ्या तिने स्वतः दोनदा ओढून बघितल्या, आणि मग जुळे फ्लॅश उचलले. बटण बंद, सेल बाहेर, आणि तरी दोन्ही दोन वेगळ्या पिशव्यांत, धातूला धातू लागणार नाही असे. बसमध्ये सीटवर बसलेली एक बाई म्हणाली, "पिशवी इकडे द्या, मांडीवर घेते." चिमणी म्हणाली, "नको," आणि ती सगळी वाट दोन्ही पिशव्या दोन्ही हातांत लांब धरून उभीच राहिली.